आला का जी आवाज?

कॉम्प्युटरच्या मागे डोकं घालायचं, स्पीकरची पिन उपटायची, जिभेवरून फिरवायची आणि परत भोकात खुपसायची. मग मान बाहेर काढून विचारायचं, "आला का जी आवाज?" आमच्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंची दुरुस्ती ती एवढीच. जिभेवर अर्थात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. माझ्या स्पीकरची पिन कायम तांबूस. शी!

दिग्रसच्या कापूस बाजारात त्यांचा भोंगा होता. कोणाची गाडी पुढे घ्यायची, कोणाचं पोर हरवलं, सगळं तेच ओरडून सांगायचे. पुढे कापसाचं वाटोळं झालं, बाजाराचं आवार ओस पडलं, आणि ते घरोघरच्या कॉम्प्युटरचे डॉक्टर झाले. भोंग्याला जे औषध, तेच कॉम्प्युटरला!

मी तेव्हा कशी होते म्हणाल, तर नळाची तोटी धुऊन मग हात धुणारी. लेक लग्न होऊन परदेशी गेलेली. ती रविवारी सकाळी कॉम्प्युटरवरून बोलायची. त्यासाठीच ते खोकं घेतलेलं.

एका दसऱ्याला मी त्या खोक्याची पूजा केली. मागच्या तारा काढून भोकाभोकाला हळदीकुंकू, अक्षता. तारा परत कोंबल्या. रविवारी बघते तर पडद्यावर लेकीचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही. परदेशातली यंत्रंच हलकी, असं मी गल्लीभर सांगून आले. शहाणी!

ते आले. पिन चाटली. काही नाही. मग गुडघे टेकून त्यांनी खोक्याला तोंड लावलं आणि चोखलं हो! अक्षतेचा दाणा थेट त्यांच्या दातांत. तो चावत म्हणाले, "प्रसाद लय आत ठेवला जी वहिनी!"

पिन बसली, आणि लेकीचं हसू खोलीभर झालं. मी मात्र बादलीभर फिनेलचं पाणी घेऊन चालू खोकं पुसायला निघाले.

"मरान नं वहिनी, करंट हाय!"

"तुमच्या थुंकीपेक्षा करंट बरा!"

मग मी दाराशी पत्र्याचा डबा ठेवला. "भाऊ, इथे थुंकायचं."

"जावयासारखी सोय केली जी!" म्हणाले, आणि डब्याच्या बाजूला थुंकले.

हळूहळू त्यांचं तोंड आक्रसत गेलं. बिस्किट आडवं जाईना, चहाने आग व्हायची. माझी किळस गेली आणि मी त्यांच्या मागेच लागले.

"नागपूरला जाऊन दाखवा. आणि हे शेण सोडा आधी."

"दाखवतो नं वहिनी. कापूस निघू द्या."

आमच्याकडे लग्न, घर, दवाखाना, सगळं कापूस निघाल्यावर. पण ह्या माणसाला वीतभर शेत नव्हतं! कोणाचा कापूस निघायची वाट पाहून राह्यला होता, देव जाणे.

शेवटी नागपूरला गेले ते अर्धा जबडा देऊन आले. बोलणं संपलं. औषधांनी कानही गेले.

एका रविवारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून आपणच दारात उभे. लेक पडद्यावर, आवाज पुन्हा बंद. त्यांनी पिन उपटली, सवयीने तोंडाकडे नेली. दुपट्ट्याशी हात थांबला. मग सदऱ्याला पुसून बसवली आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

स्पीकर मुका. लेकीचे नुसते ओठ हलत होते.

मी जोरजोरात मान डोलावली. "आला जी भाऊ! खणखणीत आला!"

त्यांनी लेकीला हात हलवला आणि निघाले. जाताना डबा उचलून मोरीजवळ नेऊन ठेवला. आता काय कामाचा!

त्याच उन्हाळ्यात ते गेले. समोरच्या ठेल्यावर मात्र अजून सकाळपासून खर्र्याची पन्नी घोटतात. खस् खस्, खस् खस्. दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येतो. तो आवाज एक दिवस बंद पडला नाही मेला.