मागच्या सीटची उंची

दादाला लांबच्या प्रवासाची मोठी गाडी घ्यायची होती आणि तिच्यावर मागे बाबांना बसवून इंदूरला जायचं होतं. एवढी एक गोष्ट पक्की होती. गाडी कोणती, ते मात्र ठरायचं होतं, आणि ते ठरवताना आम्ही चुकलो.

बाबा तरुणपणी खामगावहून इंदूरला कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर होते. पुढे आजोबा गेले, शेती अंगावर आली, ट्रक सुटला. रस्ता मात्र सुटला नाही. जेवताना कधी विषय निघाला की बाबा खामगावहून निघायचे आणि नांदुरा, जळगाव जामोद, बऱ्हाणपूर, असीरगडाचा चढ, खंडवा, नर्मदेचा पूल असं करत शेवटच्या घासाला इंदूरच्या अलीकडच्या भेरूघाटात पोचायचे. घाटात ट्रक थांबला की खाली उडी मारून चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचं काम त्यांचं होतं.

"इतकंच हाय तर एसटीनं जा ना एकडाव," आई म्हणायची.

"एसटीच्या खिडकीतून रस्ता बाजूनं दिसते. म्या तो समोरून पाह्यला हाय."

हे वाक्य दादाच्या डोक्यात बसलं असावं. तो मोबाईलच्या टॉवरांच्या दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर लहान गाडीवर पिंपळगाव राजा, मोताळा, रोहिणखेड असा फिरतो. त्याला स्वतःलाही मोठ्या गाडीची हौस होती, नाही असं नाही. पण तो कुणालाही सांगताना "बाबाले इंदूरले नेतो" असंच सांगायचा.

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीत छापलेल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द माझा असतो, मग ती औषधाची चिठ्ठी असो की फवारणीची बाटली. मला ते नेहमीच थोडं अवघड वाटतं, कारण अर्धं मलाही कळत नाही. गाडीचंही तसंच झालं. मी मोबाईलवर कितीतरी व्हिडिओ पाहिले, इंजिनाची ताकद, वजन, पेट्रोलची टाकी, सगळं वाचलं. एकाच कंपनीच्या दोन गाड्या उरल्या आणि आम्ही तिघे अकोल्याच्या शोरूमला गेलो.

एक काळी होती. दिसायला साधी, एकसलग रुंद सीट, जमिनीपासून फार वर नाही. दुसरी निळी. पुढे मोठी काच, टोकदार तोंड, आणि सीट दोन भागांत. चालवणाऱ्याची खाली आणि मागच्याची पायरीसारखी वर.

"काका, बसून पाहा ना," तिथला पोरगा म्हणाला.

बाबांनी दोन्ही हात मागे बांधले. "नाही बाप्पा. पूजा झाल्याबिगर नाही बसत मी."

आमच्याकडे ते तसंच आहे. नारळ फुटल्याशिवाय नव्या वाहनावर घरातलं मोठं माणूस बसत नाही आणि नारळ फुटला की पहिला मान त्याचाच. पोराने पुन्हा आग्रह केला. दादा म्हणाला, "राहू द्या, नाही बसत ते." बाबा खुर्चीवर बसून चहा पीत आमच्याकडे पाहत राहिले.

मग दादाने दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या आणि बाबांच्या जागी मागे मी बसलो. काळीवर आरामात बसता आलं, पण समोर दादाच्या हेल्मेटशिवाय काही दिसेना. निळीवर चढताना पाय बराच उचलावा लागला. माझं वय काय, मी उचलला. बसलो, आणि दादाच्या डोक्यावरून अख्खा रस्ता समोर दिसायला लागला.

परत आल्यावर दादाने विचारलं, "सांग बे, कोनती?"

"निळी घे. हिच्यावरून बाबाले रस्ता समोरून दिसन."

दादा माझ्याकडे पाहतच राहिला. इतक्या व्हिडिओंत हे कुणी सांगितलं नव्हतं, ते मला सुचलं होतं. बाबांनाही ते फार आवडलं. "पोरगं बरोबर बोलून राह्यलं," ते त्या शोरूमच्या पोराला म्हणाले. काळीकडे पाहून दादा हसला, "ते म्हाताऱ्याची गाडी हाय." आम्ही तिघेही हसलो.

बाबांचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? रोज पाहत होतो. दादाच्या लहान गाडीवर बसताना ते खांद्याला धरून गाडी स्वतःकडे कलती करून घ्यायचे. ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की कुणाला दिसतच नव्हतं. बहुतेक त्यांनाही नाही.

गाडी घरी आली. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. गल्ली जमली होती. बाबांनी धुतलेली टोपी घातली, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. पाय सीटच्या खालीच अडला. पुन्हा उचलला. दादाने गाडी कलती केली तर ती भारी गाडी कलंडायलाच लागली, मी धावत जाऊन धरली.

"काका, बाज आनू का चढाले?" शेजारच्याने विचारलं.

"बाज काऊन? शिडी आन! नवरदेव घोड्यावर चढून राह्यला," दुसऱ्याने भर घातली.

सगळे हसले, बाबाही हसले. शेवटी गाडी ओट्याला लावली आणि ते ओट्यावरून बसले. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. पण मागचं पायदान इतकं वर होतं की गुडघा दुमडून राहिला आणि उतरताना तो सुटेना. दादाने आणि मी त्यांना उचलून खाली घेतलं. ते माझ्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

"गाडी झकास हाय," ते लोकांना म्हणाले. "मांगं बसनारं मानूस तेवढं जुनं हाय."

दादाने खूप प्रयत्न केले. सीट खाली होत नाही, असं शोरूमवाल्यांनी सांगितलं. मिस्त्रीने पायदान खाली घेऊन दिलं, तरी चढायचं तेवढंच उंच. मी म्हटलं, बदलून काळी घेऊ. त्यावर बाबा पहिल्यांदा चिडले. "पूजा झालेली गाडी वापस करतेत का? काही बोलतं बे तू." त्यानंतर शेतात जायचं असलं की ते आम्ही विचारायच्या आत पायी निघायला लागले.

या हिवाळ्यात दादा एकटाच इंदूरला गेला. बाबांनीच भरीस घातलं. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. त्याने मोबाईल हँडलला अडकवला होता, तोंड रस्त्याकडे केलेलं.

"बाबा, घाट सुरू झाला पाहा."

बाबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. "रस्ता लय रुंद केला बे. तिथं एक हॉटेल होतं टिनाचं."

"नाही दिसत बाबा आता."

"मांगं कोन बसलं हाय तुया?"

"कोनी नाही. बॅग बांधली हाय."

"हाव." बाबांनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. "हळू घे आता. समोर डाव्या हाताले मोठं वळन येते. तिथं मी दर खेपेले उतरो ठोकळा घेऊन. लय मोठं वळन हाय, पाह्यजो."

पडद्यावर दगडी कठड्याचा एक तुकडा आणि थोडं आभाळ अडकून राहिलं होतं. बाबा तसेच पाहत होते.

"हे काऊन थांबलं?"

"रेंज गेली असन, बाबा. लावन तो पुन्हा."

आम्ही वाट पाहिली. बऱ्याच वेळाने फोन वाजला तेव्हा दादा इंदूरच्या अलीकडे चहाला थांबला होता.

"घाट चढला का?" बाबांनी विचारलं.

"हाव, मघाच चढलो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मोबाईल माझ्याकडे दिला. "ते वळन तेवढं राहून गेलं."