आईच्या मशीनचं कुंकू

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात आयुधपूजेचा कापूर पेटला, आणि एक पाहुणे वक्ते आम्हा बायकांना स्त्रीशक्ती समजावू लागले. चिनी लोक ज्याला ‘ची’ म्हणतात तोच आपला प्राण, आणि देवी म्हणजे तीच ऊर्जा. पाऊण तास हेच! माझं डोकं उठलं.

कापराच्या वासानं मला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये नेलं. मी नऊ वर्षांची होते. आई तिथे ड्रिलिंग मशीन चालवायची. पूजेसाठी तिनं मशीन घासून लख्ख केलं, झेंडू बांधला आणि कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात मालक म्हणाले, “अक्का, स्वल्प मागे व्हा. पूजा गडीमाणसं करतील.”

“पूजा कुणाची?” आईनं विचारलं.

“देवीची.”

“मग देवीलाही मागे व्हायला सांगा, अण्णा,” म्हणत तिनं मशीनला कुंकू लावलं.

सगळे आमच्याकडे बघू लागले. मी मात्र लाजून, वैतागून तिचा पदर ओढत होते. “आई, पुरे ना, चल!”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती माझ्याबरोबर बाहेर आली. मालकापुढे न हटलेली आई माझ्या एका शब्दावर मागे झाली. आज त्या वक्त्यांपेक्षा जास्त वैताग मला स्वतःचाच येतो.