डोंगर उघडायचा मान

बसवंत गेल्याची बातमी मला दूध संस्थेत कळली. सकाळची वेळ, हातात किटली, पुढं चार माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, "बसूमामा गेले. चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखान्यापतूर बी न्हाय पोचले." रांगेतल्या माणसांनी किटल्या खाली ठेवल्या. आणि मी माप घेणाऱ्याला विचारलं, "माझं फॅट किती लागलं?" त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. लहानपणापासून संगतीतला माणूस गेला आणि मी म्हशीच्या दुधाचं फॅट विचारत होतो. पण आमचं बोलणं बंद होतं, आणि आपण हललो हे चारचौघांना दिसू द्यायचं नाही एवढंच मला त्या वेळी सुचलं.

बसू लिंगायत, त्यांच्यात बसवून माती देतात. कपाळभर इबत्ती, म्हणजे भस्म, लावून बसू असा बसला होता, की आता उठून कुणाला तरी चार शब्द सुनावेल. माती द्यायची जागा गवळदेवाच्या डोंगराच्या पायथ्याला. पलीकडंच पोकलॅन डोंगराचा मुरूम ओढत होतं. आमची माणसं दिसली तसं ड्रायव्हरनं मशीन बंद केलं आणि तो खाली उतरला. लांबच्या मुलखातला माणूस. त्याच मशीनच्या विरुद्ध बसू अर्ज करायचा, आणि उन्हाळ्यात त्याच ड्रायव्हरला घरचं ताक न्यायचा. "त्याचं पोट हाय ते. त्याच्यावर राग कशाला धरू?" असं म्हणायचा. ड्रायव्हरनं डोक्याचा टॉवेल काढला, ओंजळभर माती दिली आणि हात जोडले. मी मागं लिंबाच्या झाडाखाली उभा होतो. पुढं झालोच नाही. डोंगर कापणाऱ्यानं बसूला माती दिली, मी तशीच मूठ आवळून घरी आलो.

आम्ही दोघांनी त्या डोंगरावर म्हशी राखल्या. मी चौथीत शाळा सोडली. मास्तरनं छडी मारली, मी परत गेलो नाही. ऐकून घ्यायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. बसू दहावी झाला आणि एसटीत कंडक्टर लागला. "पुढं सरका की वो, मागं काय लगीन लागतंय व्हय?" हा त्याचा आवाज राधानगरीच्या गाडीतली माणसं लांबून ओळखायची. सुट्टी असली की मात्र तो डोंगरावर. म्हणायचा, "आंदा, दिसभर घंटी मारून डोकं उठतं बघ. हितं आलं की शांत वाटतं."

तेव्हा कोल्हापूर आमच्या शिवेपासून लांब होतं. आता ते येऊन टेकलंय. पण या डोंगराला गावाचा एक रिवाज होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाऊस सुरू झाला की डोंगर बंद. एक शेळीसुद्धा वर जायची नाही. दसरा झाला की गवत पिकायचं, मग डोंगर उघडायचा. पहिली पेंढी आमच्या घरानं कापायची, वर गवळदेवापुढं ठेवायची, आणि मग सगळ्या गावानं विळे घालायचे. हा मान आजा-पणज्यापासून आमचा. त्या मानापायी मी मिशीला पीळ देऊन फिरायचो, खोटं कशाला सांगू?

एका वर्षी नेमका दसऱ्यालाच माझा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर धुळीत जायचं नाही. गावानं निरोप धाडला, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मी म्हणालो, थांबा. आठ दिवस गेले, पंधरा गेले. गवत लोळायला लागलं, आभाळ भरून यायला लागलं. माझ्या पोराचा विळासुद्धा मी चालू दिला नाही. मी जिता असताना दुसऱ्याचा हात नको, हा माझा हट्ट. शेवटी बसू वर गेला आणि त्यानं पहिली पेंढी कापली. देवापुढं ठेवली, आणि तीच पेंढी उचलून माझ्या दारात घेऊन आला. "मान तुझाच हाय आंदा. मी नुसता हात लावला. जनावरं काय खाणार हुती?" तो गेल्यावर ती पेंढी उकिरड्यावर टाकायला लावली. ते त्याला कळलंच असणार, गाव केवढं...

नंतर प्लॉटवाले आले. डोंगराच्या पायथ्याला घरांच्या चित्राची पाटी लागली. रिटायर झालेला बसू कामाला लागला. डोंगर पडीक नाही, गाव तो राखतंय, गवत कापतंय, असे अर्ज त्यानं वरपर्यंत केले. अखेर पंचनाम्याला साहेब आले. सगळा गाव देवळापुढं जमला. साहेबानं विचारलं, डोंगर उघडायचा मान कुणाचा? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. साहेब म्हणाले, "आजोबा, हा डोंगर गाव राखतं का? दरवर्षी असं गवत कापतात का?"

बसू माझ्याकडं बघत होता. एक 'व्हय' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "डोंगर उघडणाऱ्याला इचारा की. मला काय ठावं न्हाय."

"म्हणजे असा रिवाज नाही?"

"न्हाय."

असं म्हणालो आणि खाली सही केली. अंगठा नाही, सही. ती मला येते याचाही मला गर्व होता. ज्याचा मान तोच नाही म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांचं कोण ऐकणार? कागदावर डोंगर पडीक ठरला आणि वर्षाच्या आत पूर्वेची बाजू कापायला सुरुवात झाली.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर बसू माझ्याजवळ आला. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयारीत होतो. तो हळू म्हणाला, "माझ्यावर राग हुता तर मला चार हाणायच्या हुत्यास की रं. डोंगरानं तुझं काय केलतं?" मी पाठ फिरवली.

त्यानंतर तो माझ्याशी एकदाच बोलला, जायच्या महिनाभर आधी. डॉक्टरकडं बाकावर मी पसरून बसलो होतो. बसू आला, काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पावणं, जरा सरकताय व्हय?" पावणं! अनोळखी माणसाला म्हणतात तसं. बारीक हसला पण. मी सरकलो. कोपराला कोपर लावून आम्ही अर्धा तास बसलो... मी समोरच्या भिंतीकडं बघत राहिलो. तेवढा अर्धा तास माझ्या हातात होता.

माती दिल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. गौराक्कांनी, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. "या भावजी. चुकलासा जनू घर." मी खाली बघितलं. त्यांनी चहा ठेवला. म्हणाल्या, "पश्चिमंच्या अंगाचा पंचनामा पुढल्या महिन्यात हाय. त्यांच्या जागी कोन बोलनार, ठावं न्हाय."

"मी लिहून देतो," मी म्हणालो.

"काय लिवणार?"

"मी खोटं बोललो, असं."

गौराक्कांनी चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाल्या, "ह्ये त्यास्नी सांगायचं हुतंसा की वो, भावजी."

मी तिथंच बसून लिहिलं. तीन कागद खराब झाले. कागद घेऊन ऑफिसात गेलो. साहेबानं वाचलं आणि विचारलं, "आधीच्या कागदावरची सही तुमचीच ना?" मी म्हणालो, "माझीच. तवा खोटं बोललो. रागापायी." मागं गावातली चार माणसं उभी होती. त्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, कागद फायलीला लागेल, पुढचं सांगता येत नाही. आता ते तुम्हालाही सांगतोय. आमचा गाव तो डोंगर राखत होता. मी नाही म्हणालो.

हल्ली दर सोमवारी मी बसूच्या घरी, त्याच्या अर्ज लिहायच्या खोलीत जातो. अर्जांचे गठ्ठे लावतो, गौराक्कांना वाचून दाखवतो. अडत अडत वाचतो, त्या हसत नाहीत. जमखान्यावर बसूची बसायची जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. घर डोंगराच्या वळणात आहे; त्या जागेवरून समोरच्या खिडकीत डोंगराची पश्चिमेची बाजू दिसते, गवतासकट. मी त्या जागेच्या समोर बसतो, अर्ज लिहून घ्यायला माणसं बसायची तिथं. परवा गौराक्का म्हणाल्या, "तितं कशाला? हिकडं बसा की, उजेड हाय."

"हितंच बरं हाय," मी म्हणालो. माझ्या समोरच्या खिडकीत पूर्वेची बाजू येते, कापलेली, तांबडी.