काकू चालायला गेल्या आहेत

"शोभतं का गं मला हे?" काकू विचारायच्या. उत्तराची वाट कधीच बघायच्या नाहीत, कारण तोवर गाडी सुरू झालेली असायची. दोन्ही हातांत गेमचा कंट्रोलर, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि बसणं असं की कुणी ओळखीचं आलं तर लगेच उठता यावं. दाराची बेल वाजली की कंट्रोलर ओढणीखाली जायचा. बेल माझ्या घराची असायची, दारात बहुतेक वेळा कुरियरवाला असायचा, तरीही.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत त्यांचं आणि माझं घर एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून. काकू सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेल्या. काका मूळचे मालवणकडचे, लालबागच्या चाळीत वाढलेले, गिरणी कामगाराचा मुलगा. पुढे कंपनीत नोकरी केली, मुलुंडला घर घेतलं. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. गंमत म्हणजे आयुष्यभर ऑफिसात बोललेली शुद्ध मराठीही त्याच झटक्यात गेली. उरली ती लहानपणची मालवणी, तीही तुटक तुटक. काकूंना ती आधी फारशी बोलता यायची नाही. "लग्नानंतर इतक्या वर्षांनी सासरची भाषा शिकतेय बघ," म्हणायच्या.

मी घरून काम करते आणि व्हिडिओ गेम खेळते. चाळिशीच्या बाईने हे वाक्य म्हटलं की समोरचे कसे बघतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. माझा नवरा रविवारी अख्खा दिवस क्रिकेट बघतो, त्याला कुणी काही विचारत नाही. मी तासभर गेम खेळले की मात्र सासूबाईंचा फोन आल्यावर आवाज बंद करते. म्हणजे काकूंची ती ओढणी मला हसण्यासारखी वाटायची, पण माझ्याकडेही तसलीच एक होती.

काकू पहिल्यांदा आल्या त्या इंटरनेट बंद पडलं म्हणून विचारायला. टीव्हीवर माझी गाडी एका घाटातून चालली होती. खाली दरी, वळणावर फुलांची झाडं. त्या उभ्याच राहिल्या. "हे तू चालवतेस?" मग थोड्या वेळाने, "मला जमेल?" आणि लगेच, "नको बाई, राहू दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. या वेळी काही विचारायला नव्हत्या आल्या.

त्यांच्यासारखं गाडी चालवणारं मी कुणी पाहिलेलं नाही. गेम शर्यतीचा. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि काकू सिग्नलला थांबायच्या. त्या गेममध्ये सिग्नल नुसते शोभेचे होते, हे मी कितीदा सांगितलं. "लाल आहे ना? मग?" वळणावर हॉर्न वाजवायच्या. एकदा कुणाच्या तरी कुंपणाला धडक बसली तर चक्क "सॉरी हं" म्हणाल्या. शर्यत त्या कधीच जिंकल्या नाहीत. त्यांना रस्ते बघायचे होते. दोघांनी गाडी घेऊन कोकणात जायचं, वाटेत हवं तिथे थांबायचं, असं काका निवृत्तीनंतरचं बोलायचे. त्यातलं काही झालं नाही. हे त्या मला स्टिअरिंग वळवता वळवताच सांगायच्या, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी काकांना सांभाळणाऱ्या मावशी घरी असायच्या, तेवढीच त्यांना सवड. घरात सांगून यायच्या, "चालायला जाते." मग खरोखर खाली जाऊन आवारात एक फेरी मारायच्या आणि लिफ्टने थेट माझ्याकडे. मी हसले तर म्हणाल्या, "अगदीच खोटं नको ना गं बोलायला. आजारी माणसाशी."

परत जाताना त्यांचा चेहरा पडलेला असायचा. चपला घालताना स्वतःशीच बोलायच्या. "तो माणूस तिथे पडून आहे, आणि मी इथे गाड्या उडवतेय." मी म्हणायचे, "काकू, दिवसभर तुम्हीच तर करता सगळं." त्या मान हलवायच्या. पटलेलं नसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या, आणि तेही त्यांना पटलेलं नसायचं.

त्या दिवशी काकूंची गाडी कशी कोण जाणे एका शेतात शिरली. समोर गवताच्या गंज्या. त्यांना ब्रेक सापडेना. एक गंजी उडाली, दुसरी उडाली, आणि त्या घाबरायच्या ऐवजी हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "थांबव गं, थांबव!" म्हणत स्वतःच आणखी एक गंजी उडवली. मीही पोट धरून हसत होते. टीव्हीचा आवाज मोठा होता. काकूंचा फोन पिशवीत होता.

दार जोरजोरात वाजलं तेव्हा उघडायला मी गेले. मावशी होत्या. औषध आणायला खाली गेल्या होत्या, परत येऊन बघतात तर काका पलंगावरून खाली पडलेले.

खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. हॉस्पिटलात काकू बाकावर ताठ बसून होत्या. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसल्या. गोरेगावहून त्यांची नणंद आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "तू कुठे होतीस, वहिनी?"

"चालायला गेले होते," काकू म्हणाल्या. आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मला अजून नको वाटते.

काका घरी आले. काकू माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. आवारातली फेरीही बंद. मी भेटायला गेले की चहा करायच्या, काकांचं अंथरूण उगाच सारखं करायच्या. काकांच्या पलंगासमोरचा टीव्हीसुद्धा त्यांनी लावायचा सोडला होता. मला वाटायचं, मी त्या दिवशी नको म्हटलं असतं तर. निदान आवाज कमी ठेवला असता तर. घरी येऊन मीही कंट्रोलर कपाटात टाकला.

मग एका दुपारी, मी तिथे बसलेली असताना, काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "अहो, मला सांगायचंय. तुम्ही पडलात तेव्हा मी चालायला नव्हते गेले. हिच्याकडे होते. गेम खेळत होते. रोजच जात होते." एका दमात बोलल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तोंडाची जी बाजू हलायची, ती हलली. "माका म्हायत आसा."

"काय?"

काकांनी डावा हात उचलून उशाजवळची भिंत थोपटली. माझ्या घराची भिंत. "हयसून आयकाक येता सगळा." थोडा दम खाल्ला. "त्या दिशी तू कितक्या हसलंस गो. म्हटलंय, जावन बघतंय काय ता."

म्हणजे ते पाण्यासाठी उठले नव्हते, की आणखी कशासाठी. बायको हसत होती, ती बघायला उठले होते. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेमचा डबा उचलून त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. काकूंनी नको नको केलं. काका म्हणाले, "चालव."

त्यानंतरचे काही महिने त्या घरात गाडी चालत होती. काका डाव्या हाताने दिशा दाखवायचे आणि काकू वळवायच्या. काकांना सिग्नलबिग्नल मंजूर नव्हते. "मार गो!" ओरडायचे. काकू थांबायच्याच. मग भांडण. इतकं बोलणं त्या घरातून झटक्यानंतर कुणी ऐकलं नव्हतं. नणंद आली तेव्हा हे दृश्य बघून दारातच थबकली. "वहिनी, दादाच्या उशाशी हे काय चाललंय?" काकूंचा हात सवयीने ओढणीकडे गेला. काकाच म्हणाले, "खेळाचा आसा तर खेळ, नाय तर चाय पी आणि घराक जा." तिने चहा घेतला.

तरी काकूंचं मन कधी मोकळं झालं नाही. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या होत्या, "ते मला माफ करतात गं. मला मात्र स्वतःला नाही करता येत."

काका गेले ते न्यूमोनियाने. पडण्याशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी ते दोनदा विचारून घेतलं. तेराव्यानंतर त्यांनी गेमचा डबा पुसून, वायर नीट गुंडाळून मला परत आणून दिला आणि घर बंद करून मुलीकडे बोरिवलीला राहायला गेल्या.

मध्यंतरी मी भेटायला गेले. मुलगी म्हणाली, आई कशातच मन घालत नाही, दुपारभर नुसती बसून असते. निघताना काकू लिफ्टपर्यंत आल्या. बटण दाबलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना ते घेऊन ये. दुपारी ये."

मी नेलं. जोडून दिलं. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, काकांच्या फोटोकडे बघितलं, आणि खाली ठेवला. "आज नको." आम्ही चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो. डबा मी तिथेच ठेवून आले. इतक्या लवकर आणायला नको होतं, असं वाटेभर वाटत राहिलं.

परवा, ऑफिसची मीटिंग चालू असताना फोन आला. काकू. आवाज अगदी दबका.

"अगं, ऐक ना. हा टीव्ही परत पहिल्यासारखा कसा करायचा? मुलगी यायची वेळ झाली."

पुन्हा एकदा मी त्यांना चोरून खेळायला लावलं होतं. हे बरं केलं की वाईट, मला सांगता येणार नाही, तुम्हीच ठरवा. मी मीटिंगचा आवाज बंद केला आणि त्यांना रिमोटवरचं बटण सांगू लागले. त्या "हं, हं" म्हणत होत्या. मागे गाडीचं इंजिन सुरूच होतं.