खांद्यातला चुना

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मी रंगखात्यात होतो. मोठाल्या पिंपांवर कंपनीचं नाव आणि माल ज्या गावी जायचा त्या गावाचं नाव रंगवायचं, हे माझं काम. वैजापूरकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला कायमची नोकरी लागली, म्हणून घरचे खूष होते. अक्षर माझं शाळेपासून चांगलं. त्याचा पहिला उपयोग कंपनीला झाला आणि दुसरा चळवळीला. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी तेव्हा जोरात होती. आमच्या मुकुंदवाडीतल्या कार्यकर्त्यांनी मला एकदा गाठलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं अक्षर पिंपावर वाया चाललंय. भिंतीवर या."

मी भिंतीवर गेलो.

जालना रस्त्याला एका गोदामाची लांबलचक, काळ्या दगडाची भिंत होती. चुना भिजवायचा, त्यात डिंक घालायचा, बांबूच्या टोकाला चिंध्या बांधायच्या आणि रविवारी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा, सायकलच्या कॅरियरवर उभं राहून हातभर उंचीची अक्षरं काढायची: 'नामांतर झालेच पाहिजे'. अक्षरं उंचावर एवढ्यासाठी, की खालून कुणाला पुसता येऊ नयेत. पण पालिकेकडं शिडी होती. दोन-चार दिवसांत त्यांची माणसं झाडू-पाणी घेऊन यायची आणि भिंत धुऊन जायची. पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर. असं पाच-सहा महिने चाललं. शहरात तेवढी स्वच्छ भिंत दुसरी नव्हती.

अक्षरं आधी, टिंब शेवटी, अशी माझी पद्धत. एका रविवारी सगळं लिहून झालं, शिरोरेघ ओढली आणि 'मा'वर टिंब द्यायला हात वर नेला, तर खांद्यात कट्‌कन आवाज झाला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. हात खांद्याच्या वर जाईना.

सायकल धरणारा मित्र खालून म्हणाला, "टिंब द्या की, भाऊ!"

"टिंब राहू दे, आधी मला खाली घे!"

घोषणा तशीच राहिली: 'नामातर झालेच पाहिजे'. आणि एरवी चार दिवसांत येणारी पालिका नेमकी त्या वेळी फिरकली नाही. मोर्चे वाढले होते, भिंतीसमोर पोलिसांचा बंदोबस्त बसला होता, धुवायला कोण येणार? आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर रोज मला ऐकवायचे, "मागणी रास्त आहे हो. पण शुद्धलेखनाचं काय?"

खांद्याची अवस्था वाईट झाली. सदरा चढवायचा तर बायको लागायची. डोकं विंचरायचं तर बायको लागायची, आणि ती भांग रोज वेगळ्या बाजूला पाडायची. तिनं निरगुडीचा पाला बांधला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं, विटकर तापवून शेकलं. शेवटी खांद्याचं कातडं वांग्याच्या भरतासारखं दिसायला लागलं आणि ती म्हणाली, "आता सरकारी दवाखान्यात जा. माझ्यानं ह्याला आनखी शिजवनं नाय व्हत."

दवाखान्यात मागच्या बाजूला शेकाचं खातं होतं. तिथं एक हैदराबादी बाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, पांढरा कोट घातलेल्या. आवाज असा की दुखणं त्यांना घाबरूनच कमी व्हावं. त्यांच्याकडं एक मोठं यंत्र होतं. त्याच्या दोन जाड गाद्या दुखऱ्या भागाला लावायच्या, बटण फिरवलं की आतून ऊब यायची. शेक झाला की व्यायाम. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर चढायचं.

"उप्पर लेव हाथ, उप्पर! दर्द होरा? होन देव. नक्को बोलना नईं."

माझ्या शेजारच्या बाकावर एक भरदार मिशांचा माणूस बसायचा. त्याचं कोपर दुखायचं. कप उचलला तरी कळ मस्तकात जायची. एकाच वेळी शेकाला यायचो म्हणून ओळख झाली. तो अजिंठ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खिशातून फुटाणे काढून द्यायचा. उजवा हात दोघांचाही अडकलेला, त्यामुळं फुटाणे सोलायचं काम दोघं मिळून करायचो.

"काय काम करता?" त्यानं विचारलं.

"कंपनीत. रंगखातं. तुम्ही?"

"सरकारी नोकरी," तो म्हणाला, आणि फुटाण्याकडं बघायला लागला. मीही पुढं विचारलं नाही. भिंतीचं मीही सांगितलं नव्हतंच.

ते गुपित बाईंनी फोडलं. एक दिवस त्या वैतागल्या होत्या. इतका शेक देऊनही दोघांनाही उतार का नाही, म्हणून सगळ्यांसमोर त्यांनी त्याला विचारलं, "पक्का बोलो. लाठी किस हाथ से मारते?"

खोलीतले सगळे पेशंट त्याच्याकडं बघायला लागले. तो खालच्या मानेनं म्हणाला, "उजव्या."

"तो बंद करो कुछ दिन. और तुम?" त्या माझ्याकडं वळल्या. "वो दीवार पे लिखना बंद करे क्या नईं?" माझ्या बायकोनं त्यांना पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो: तो पोलीस हवालदार आणि मी भिंत रंगवणारा. मग हवालदार हळूच म्हणाला, "म्हंजी ते गोदामावरलं, बिनटिंबाचं... तुमीच?"

"मीच."

"आवो, पंधरा दिस झाले, त्या भिंतीम्होरं उभा हाय मी! दिसभर वाचायला दुसरं काय बी नाय. लई डोस्कं फिरतं. टिंब कुठंय त्याचं?"

"खांद्यात अडकलंय," मी म्हणालो.

हसू दोघांनाही आलं, पण माझं अर्ध्यावर थांबलं. त्या दिवसांत आमच्या लोकांची घरं जळाली होती. माझ्या मावशीचं छप्पर त्यातच गेलं होतं. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या मोर्चात मी स्वतः लाठी खाल्ली होती. मी त्याला ते सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

"लई लागलं व्हतं का?"

"पोटरीवर. आठ दिवस लंगडत होतो."

"कंची पोटरी?"

"डावी."

त्यानं डोळे मिटून जरा हिशेब लावला. मग म्हणाला, "मंग मी नाय. मी दुसऱ्या बाजूला व्हतो." कोपर चोळत पुढं म्हणाला, "पर कुणाच्या तरी उजवीवर मी बी असंलच." आणि उठून दोन चहा घेऊन आला. चहा मी घेतला. बाई ओरडल्या म्हणून दोघं भिंतीवर बोटं चढवायला लागलो.

मग एके दिवशी बंद पुकारला गेला. गाड्या बंद, दुकानं बंद. मला वाटलं, दवाखाना तर चालू असेल. शेक चुकला की बाई रागवायच्या. मी पायी निघालो. गोदामाच्या भिंतीशी पोचलो तर हवालदार एकटा उभा.

"कुठं निघाले?"

"शेकाला."

"बाई न्हाईत आज. मी चौकशी केली सकाळीच. माझं बी कोपर ठणकतंय." त्यानं इकडंतिकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. "व्यायाम चुकवू नगा पर. भिंत हाय की हितं. चला, टिंबापर्यंत न्या बोटं."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि बोटांनी चढायला लागलो. तो बाजूला उभा राहून बाईंच्या आवाजात म्हणाला, "उप्पर लेव, उप्पर!" घाम फुटला, पण हात खरंच खांद्याच्या वर गेला. कित्येक आठवड्यांनी गेला. माझीच बोटं मला डोक्याच्या वर दिसली आणि मी आनंदानं काही बोलणार, तेवढ्यात मागं जीप थांबली.

त्याचे साहेब होते. भिंतीला तोंड, हात वर, शेजारी पोलीस. हवालदाराला क्षणभरही लागला नाही. त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाला, "झडती चालू हाय, साहेब!" आणि माझे खिसे चापपायला लागला.

खिशात निघाला दवाखान्याचा कागद. साहेबांनी तो वाचला. "हा तर पेशंट आहे. सोडा त्याला. चला हो, हात खाली घ्या."

मी म्हणालो, "येत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"वर गेला, पण आता खाली येईना."

साहेबांना वाटलं, मी त्यांची थट्टा करतोय. ते गाडीतून उतरायला लागले. हवालदारानं घाईघाईनं माझं मनगट धरलं आणि हळूहळू हात खाली आणला. त्या ओढाताणीत त्याच्या कोपरात कळ गेली आणि तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. साहेब आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

आठवड्याभरानं मी कामावर जाताना भिंतीकडं पाहिलं, तर 'मा'वर टिंब होतं. हातभर अक्षरावर रुपयाएवढं, अंगठ्यानं दाबल्यासारखं, आणि बरोबर त्याच्याखाली भिंतीला कुणाची तरी शिडी टेकवलेली. हवालदाराच्या खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी असायची, हे मला माहीत होतं. मी विचारलं तर तो म्हणाला, "मला काय म्हाईत? मी सरकारी मानूस." पुढं त्याची बदली झाली, नंतर तो कधी भेटला नाही. माझा खांदा चार-पाच महिन्यांनी कामापुरता सुटला.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं. त्या दिवशी मी पेढे वाटले, तेही हात खांद्याच्या खाली ठेवूनच.

त्यानंतर माझं वय वाढलं, मी निवृत्त झालो, आणि दोन वर्षांपूर्वी तोच खांदा पुन्हा अडकला. या वेळी सिडकोतल्या एका दवाखान्यात गेलो. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं एक्स-रे उजेडावर धरला आणि एक पांढरा ठिपका दाखवला. "काका, इथं स्नायूच्या दोरीत कॅल्शियम साठलंय. आपण शॉकवेव्ह देऊ."

बायको पुढं वाकून ठिपका निरखायला लागली. "कॅल्शियम म्हंजी चुनाच ना? व्हय, बरोबर हाय. भिंती रंगवून रंगवून आत मुरलाय."

"नाही काकू, हे शरीरातलंच असतं."

"तुम्हाला न्हाई म्हाईत. किती बादल्या कालवल्यात ह्यांनी."

मी मात्र 'शॉक' या शब्दावरच अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ, कमरेचा चांदीचा करदोटा, चष्मा सगळं घरी ठेवलं आणि पायात जाड रबरी चपला घालून गेलो. पलंगावर झोपताना तिनं चपला काढायला सांगितल्या. मी नाही म्हणालो.

"काका, चादर मळेल."

"मळू दे. वीज जमिनीत उतरायला नको."

ती हसून हसून खुर्चीत बसली. मग तिनं नीट समजावलं. यात वीज अंगात जात नाही. हवेच्या दाबानं आतली गोळी आपटते आणि तिचे धक्के कातडीवरून आत पोचतात. दुखऱ्या जागी रक्त खेळायला लागतं, जुनं दुखणं हळूहळू सुटतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, तेही तिनं सांगितलं. मी चपला काढल्या, पण पलंगाखाली हाताशी ठेवल्या.

तिनं खांद्यावर गार जेल लावलं आणि पिस्तुलासारखं ते अवजार टेकवलं. टक्‌टक्‌टक्‌टक्‌! कंपनीत शेजारच्या खात्यात रिव्हेट मारायचे, तसा आवाज. नेमक्या जागी आल्यावर मी आई गं म्हणून ओरडलो.

"दहापैकी किती दुखतंय, काका?"

"नऊ!"

"तीन," बाहेरच्या खोलीतून बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वहीत सहा लिहिलं.

आठवड्याला एक, असे पाच वेळा धक्के खाल्ले. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस खांदा आधीपेक्षा जास्त दुखला आणि मी पुन्हा जाणार नाही असं जाहीर केलं. बायकोनं ऐकूनच घेतलं नाही. मधल्या दिवसांत रबराच्या पट्ट्याचे व्यायाम होते. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी मी सदरा घातला आणि बटणं लावून झाल्यावर लक्षात आलं, की आपण कुणाला हाक मारलीच नाही. मी तसाच पलंगावर बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. बायको चहा घेऊन आली, मला बघितलं आणि विचारलं, "आता काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. सदरा घातला."

पाचव्या खेपेला हात पार कानापर्यंत गेला. पूर्ण बरा झाला असं नाही. थंडीत अजून कुरकुरतो. डॉक्टरीणबाईंनी निरोप देताना बजावलं, "जड काही उचलायचं नाही. व्यायाम सोडायचा नाही."

बायकोनं लगेच विचारलं, "छताचा पंखा पुसला तर चालंल का?"

"चालेल की, काकू. पंखा कुठं उचलायचाय? उलट तेवढाच व्यायाम होईल."

त्या दिवाळीला घरातले चारही पंखे मी पुसले. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, आमचेही दोन आहेत, आणि बायको मला न विचारता त्यांना हो म्हणाली.