आधी मिठावाचून

जे मीठ रासायनिक बदलात भागच घेत नाही, ते द्रावणात मूळ पदार्थाच्या शंभर पट का घालायचे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न माझ्या विषयातला आहे आणि गोंदियाच्या महाविद्यालयात मी तो वर्षानुवर्षे शिकवला आहे. तरीही हे उत्तर आठवताना माझ्या विद्यार्थ्यांच्या कानात माझा आवाज नसतो, देवानंद रामटेके यांचा असतो. माझ्या मुलीच्याही.

रामटेके सर गेल्याची बातमी मला तिच्याकडूनच कळली. सरांचे आणि माझे टेबल स्टाफरूममध्ये शेजारी शेजारी, आणि माझी मुलगी प्राची तिकडे हैदराबादला संशोधन करते. सकाळी तिचा फोन आला. “बाबा, काका गेले. पहाटे, झोपेतच...” मी सुन्न झालो हे खरे, पण त्या सुन्नपणातूनही माझ्या तोंडून निघाले, “तुला कोणी सांगितलं?” ती म्हणाली, “काकूंनी. त्यांनी आधी मलाच फोन लावला.” गोंदियाहून सरांचे सौंदड किती जवळ आणि हैदराबाद किती दूर... फोन ठेवल्यावर मी त्या अंतराचाच विचार करत बसलो.

सरांचे घर सौंदडचे. घरची धानाची शेती होती, आणि ते रोज रेल्वेने ये-जा करत. गाडी उशिरा आली तरी मुले प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांची वाट पाहत उभी राहत. मी वेळेच्या आधी पोचत असे, पण माझ्यासाठी दाराशी कोणी उभे राहिल्याचे स्मरत नाही. लोणच्याची एक जुनी, लाल झाकणाची बरणी घासूनपुसून त्यांनी आणली होती. तीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे प्रयोगाचे ते मीठ, असे. खिडकीजवळच्या स्टुलावर ते बसत आणि बरणी मांडीवर धरून बोलत.

प्रयोग असा. पोटॅशियम फेरिसायनाइड हा लालसर स्फटिकांचा पदार्थ पाण्यात अगदी थोडा विरघळवायचा, त्यात इलेक्ट्रोड बुडवायचे, विभव, म्हणजे विजेचा दाब, हळूहळू पुढे न्यायचा आणि परत आणायचा, आणि वाहणाऱ्या विद्युतधारेचा वक्र पडद्यावर पाहायचा. सगळे नीट जमले तर जाताना एक शिखर दिसते आणि येताना त्याच्या उलट बाजूचे दुसरे. शिखराच्या उंचीवरून पदार्थ किती आहे ते सांगता येते. मात्र त्यासाठी द्रावणात भरपूर मीठ हवे. पुस्तकी भाषेत त्याला आधारी विद्युत अपघटनी म्हणतात, वर्गात सगळे सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइटच म्हणतात.

मी व्याख्या लिहून देत असे, मग तीन कारणे, मग प्रयोग. मीठ मी आधीच तोलून ठेवलेले असे. रामटेके सर मात्र प्रत्येक नव्या तुकडीला प्रयोग आधी मिठावाचून करायला लावत, आणि का ते सांगत नसत. पडद्यावर तिरपी, ओढल्यासारखी रेघ उमटे. मुले तारा तपासत, इलेक्ट्रोड पुसत, एकमेकांवर खेकसत. सर स्टुलावरून म्हणत, “हा का वक्र हाय गा? हा त पावसानं बसलेला धुरा हाय!” धुरा म्हणजे शेताचा बांध. अर्धा तास असा गेल्यावरच बरणीचे झाकण उघडे.

“तुम्ही दर वर्षी तास वाया घालवता,” असे मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो.

“वाया काऊन जी, पटले सर?” नेहमीप्रमाणे मला आडनावाने हाक मारत ते म्हणाले. “बिघडलेलं पाहिल्याबिगर मीठ कायले घालाचं, ते पोट्ट्याइले कसं समजन?”

“मी कारणं लिहून देतो. स्पष्ट.”

“तुमच्या नोट्स लय भारी. पोट्टे पाठ करतेत, पेपरात लिहितेत, आन् गेटाच्या बाहेर विसरतेत.” सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणे बरे दिसले नसते.

त्यांचे स्पष्टीकरण राइस मिलचे होते. “धारा वाहनं म्हणजे पोती उचलनं. हमाल भरपूर ठेवले त पाहुण्याले ओझं उचला लागत नाही. पाहुणा आपल्या चालीनं येते.” पाहुणा म्हणजे फेरिसायनाइड, हमाल म्हणजे मिठाचे आयन. ही उपमा अपुरी आहे, आणि हे मी त्यांना अनेकदा सांगितले. द्रावणातून धारा वाहून नेण्याचे काम मिठाचे आयन जवळजवळ सगळे उचलतात, त्यामुळे मूळ पदार्थ विद्युतक्षेत्राच्या ओढीने न येता केवळ विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळ जागी आपोआप पसरत, इलेक्ट्रोडपर्यंत पोचतो. इतकेच हमालांत येते. पण मीठ द्रावणाचा रोधही कमी करते, म्हणून आपण लावलेला विभव वाटेत न हरवता इलेक्ट्रोडवर पोचतो. शिवाय त्या विभवाच्या टप्प्यात मिठाने स्वतः बदलता कामा नये. ही दोन कारणे हमालांत कुठे बसतात?

हे सगळे मी प्राचीलाही सांगितले होते. ती आमच्याच महाविद्यालयात शिकली. शेवटच्या वर्षी एका संध्याकाळी जेवताना मी ताटाशेजारी बोटाने वक्र काढून दाखवू लागलो, तेव्हा ती मायेनेच म्हणाली, “बाबा, ते सरांनी आधीच करून घेतलंय. हमाल नसले तर रस्तापण खराब होतो, आणि हमालांनी पोती फोडायची नाहीत... सगळं.” म्हणजे माझी दोन्ही कारणे त्यांनी उपमेत बसवून टाकली होती! माझ्या पानातला भात निवून गेला. मला इतकेच हवे होते, की एकदा तरी ती म्हणेल, बाबा, हे तुम्ही शिकवलंत.

शेवटची भेट स्टाफरूममधलीच. गाडीची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला लावत ते म्हणाले, “तुमची पोरगी बिघडवाले भेत नाही जी. मोठं काम करन.” ते कौतुक तिचे होते की स्वतःच्या शिकवणीचे, हे मी त्यांना विचारले नाही... आता विचारता येणार नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी प्राची आली. सौंदडला काकूंच्या गळ्यात पडून ती रडली, आणि मी त्या दोघींपासून थोडा दूर, मांडवाच्या खांबाशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “लॅब पाहायचीय.” योगायोगाने त्या दिवशी सरांच्या तुकडीचे प्रात्यक्षिक माझ्याकडे आले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “रामटेके सरावानी घ्या ना जी.”

मी सगळे मांडले. बरणी जवळ होती. मी तिला हात लावला नाही. यंत्र सुरू केले आणि पडद्यावर तो बसलेला धुरा उमटला. मुले तारांकडे धावली. प्राची माझ्या कानाशी म्हणाली, “बाबा, मीठ विसरलात.”

“विसरलो नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली, पण हसताना तिची नजर खिडकीजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे गेली. अर्ध्या तासाने तिनेच झाकण उघडून बरणी माझ्यापुढे धरली. मीठ मी तोलून घातले. दोन्ही शिखरे स्वच्छ उमटली, अगदी त्यांच्या तासाला उमटत तशीच, आणि तेही मला पुरते सहन झाले नाही. ती बरणी आता माझ्या टेबलावर असते. तिच्यात मीठ मी भरतो, पण मुले तिला रामटेके सरांचीच बरणी म्हणतात.

वाचकांना एक विनंती आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका आणि त्यांच्यावरही नको. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी पेल्यात घ्या, पेन्सिलीची दोन शिसे एकमेकांना लागणार नाहीत अशी बुडवा, आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एक रोधक व छोटा एलईडी दिवा त्यांच्याशी एका ओळीत जोडा. मग चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून ढवळा. यातून केवळ रोधाचे कारण कळेल, उरलेल्यासाठी प्रयोगशाळाच लागेल. मात्र सोडा आधी टाकू नका. आधी त्याच्यावाचून पाहा, थोडा वेळ थांबा, आणि मग स्वतः ठरवा.