काकूंच्या बंबात सात दिवस

पट्टी विझायला पाहिजे होती. ती मजेत जळत होती. समोर नागपूरहून आलेले इन्स्पेक्टर, शेजारी आमचे मॅनेजर घोरमाडे साहेब. लॉट पास झाला तर मी कायम, नाहीतर प्रोबेशन संपवून घरी.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सौंसरला वायरवरचं प्लास्टिक बनवणाऱ्या छोट्या फॅक्टरीत मी केमिस्ट होतो. दोन प्लास्टिकं वितळवून एकत्र करायची आणि आग धरू नये म्हणून त्यात मसाला घालायचा. मसाला म्हणजे फॉस्फेटची पांढरी पावडर. वायर जायची संत्र्याच्या बगिच्यातल्या पंपांना, म्हणजे कायम ओलीत. म्हणून त्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून सात दिवस गरम पाण्यात ठेवायच्या, वाळवायच्या, मग ज्योत लावायची. ज्योत काढली की पट्टी आपोआप विझली पाहिजे.

लॅबच्या भांड्यात भिजवलेली दर वेळी विझायची. पण त्या आठवड्यात लाइट सारखी जात होती, पाणी थंड पडत होतं. मी डोकं चालवलं. माझ्या घरमालकीणबाई, म्हणजे काकू, यांच्या घरी माणसं चौदा. त्यांचा तांब्याचा बंब पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, दिवसरात्र गरम असायचा.

"काकू, पट्ट्यांची जुडी आत सोडू का?"

"सोड ना भाऊ. ते काय पानी पिऊन राहिलं का?"

तिसऱ्या दिवशी काका न्हाणीतून खूश होऊन आले. "साबनाले काय फेस येऊन राहिला बा!"

मीही हसलो. केमिस्ट असून हसलो, याची आजही लाज वाटते.

आता पट्टी जळत होती. घोरमाडे साहेब कानाशी कुजबुजले, "ड्रॉवरमधली जुनी काढ ना!" ती लॅबच्या भांड्यात भिजवलेली, नक्की विझली असती. माझा हात ड्रॉवरपर्यंत गेलाही. तेवढ्यात मला काकांचा फेस आठवला. फॉस्फेट पाण्यात उतरलं की आमचं जड पाणी मऊ होतं आणि साबणाला फेस येतो. आमचा मसाला काका अंगाला चोळत होते!

मी सगळं सांगून टाकलं. लॅबमध्ये सातही दिवस तेच थोडंसं पाणी; त्यात थोडा मसाला उतरला की पुढे उतरायचा थांबतो. काकूंचा नियम असा, की बंबातून एक बादली काढली की एक ओतायची. दर वेळी ताजं पाणी, दर वेळी थोडा मसाला बाहेर. बगिच्यातही पाणी ताजंच येणार, म्हणजे वायरचंही हेच होणार.

"म्हणजे तुमचे काका आता पेटत नाहीत?" इन्स्पेक्टर डोळे पुसत हसले आणि हसत हसत अख्खा लॉट नापास केला.

पाचव्या दिवशी घोरमाडे साहेब म्हणाले, "प्रोबेशन वाढवलं. पाण्यात न उतरनारा मसाला पाह्य. आन् बंब सोडू नको."

तसा मसाला सापडायला सहा महिने लागले. पट्टी बंबातून निघाली, पेटवली, विझली. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी पत्र नीट वाचलं.

"पट्ट्या भिजवल्या म्हनून तुले पक्कं केलं?"

"हो, काकू."

"आन् सात दिवस बादल्या कोनं ओतल्या?"

टेस्ट नेमकी कोण करतं, हे केमिस्टला सगळ्यात शेवटी कळतं. पुढच्या रिपोर्टात 'ऑपरेटर'च्या रकान्यात मी काकूंचं नाव लिहिलं. घोरमाडे साहेबांनी खाली सही केली.